घेवड्याची मच्छरदाणी

माझ्या थोरल्या बहिणीनं आयुष्यात कधी कुठली वस्तू विश्वासानं माझ्या हातात दिली नाही, आणि यात चूक तिची नाही. सात वर्षांचा असताना मी घरातलं एकुलतं एक भिंतीवरचं घड्याळ खोललं होतं. त्यानंतर शिवणयंत्र खोललं, शेजाऱ्यांचा रेडिओ खोलला, आणि एकदा तर ताईची बाहुली, आत रडतं ते काय आहे हे बघायला. तेव्हापासून ताई मला पेच्या म्हणते, पेचकसावरून. पुढे याच खोडीवर मी चाळीस वर्षं पोट भरलं. घड्याळं दुरुस्त केली, लोक मानानं घड्याळजी म्हणायला लागले. पण ताईच्या लेखी मी पेच्या तो पेच्याच.

म्हणून तिनं रुमालाची गाठ सोडून नऊ बिया माझ्या तळहातावर ठेवल्या, तेव्हा मी आधी तिच्याकडे आणि मग बायकोकडे बघितलं. बिया अंगठ्याच्या नखाएवढ्या होत्या, जांभळ्या रंगावर काळे ठिपके.

"आईचा घेवडा," ताई म्हणाली. "एवढाच उरलाय. मुलाच्या नव्या घरात ऊन नाही. गेल्या वर्षी खिडकीत लावून बघितला, नुसता वाळला. तुझ्याकडे गच्ची आहे. यंदा शेंगा धरल्या तर धरल्या, नाहीतर संपलं. बी जुनं झालं की उगवत नाही."

आई जाऊन बावीस वर्षं झाली होती. तिचं म्हणावं असं आम्हा दोघांशिवाय जगात एवढंच राहिलं होतं, दर वर्षी ताईच्या परसात लाल फुलांनी लगडणारा हा घेवडा.

"आणि हे बघ," ताईनं बजावलं, "खोलून बघू नकोस."

मी दोन खोलून बघितल्या. म्हणजे पेरल्यावर आठव्या दिवशी माती उकरून, मोड आलाय का ते पाहायला. मोड आले होते. ते माझ्या चिमट्यानं तुटले. बायको कमरेवर हात ठेवून उभी होती, ती एवढंच म्हणाली, "वन्संना मी सांगणार नाही. पण आता त्या कुंडीपासून चार हात लांब राहायचं."

सात वेल उगवले, आणि काय सांगू, काठ्यांना विळखे घालत असे सरसर चढले की मी रोज सकाळी दाढी करायच्या आधी वर जाऊन बघायचो. शेजारच्या लांबट कुंडीत बायकोनं वाटाणे पेरले होते. ते तिचे, घेवडा माझा, अशी वाटणी झाली होती.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. घड्याळाचा सगळ्यात मोठा शत्रू धूळ. खोललेलं घड्याळ आम्ही काचेच्या झाकणाखाली ठेवतो. त्यात केस जाता कामा नये, चिलट जाता कामा नये. चाळीस वर्षांची ही सवय निवृत्त होताना दुकानात सोडून यायची राहिली. घेवड्याच्या पानावर मला मावा ही कीड दिसली, फक्त चार ठिपके, आणि मी तडक तळमजल्यावरच्या टेलरमास्तरांकडे गेलो.

"मास्तर, मच्छरदाणी शिवून हवी आहे. सहा फूट उंच, खालून घट्ट नाडी."

"पाहुणे येणार आहेत का?"

"घेवड्यासाठी."

मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, गळ्यातली टेप काढली आणि माप लिहून घेतलं. मापाबाहेरचं विचारायचं नाही, हा त्यांचा नियम आहे. दोन दिवसांत अशी सुरेख मच्छरदाणी शिवून दिली की मुंगीनं आत जायचं म्हटलं तरी परवानगी काढावी लागली असती. घेवडा तिच्यात झाकून मी हात पुसत मागे सरकलो. आता आईचा घेवडा सुरक्षित होता.

वाटाण्याला पांढरी फुलं आधी आली. कुठंतरी वाचलं होतं की गच्चीवर मधमाश्या कमी असतात, त्यामुळे परागीभवन हातानं करावं लागतं, बारीक कुंचल्यानं पराग या फुलातून त्या फुलात. बायकोच्या वाट्याचा वाटाणा म्हणजे सरावाला अगदी योग्य. मी डोळ्याला भिंग लावलं, चिमट्यानं एकेक कळी अलगद उघडली, कुंचला फिरवला आणि पाकळ्या परत मिटवल्या. घड्याळाच्या केसाएवढ्या कमानी बसवलेला हात माझा. एकाही पाकळीला चुरगळी पडली नाही.

तिसऱ्या दिवशी सगळी फुलं गळून पडली. चौथ्या दिवशी नवी उमललेली मी परत उघडली, तीही गेली. बायकोनं झाडलोट करताना केरात पांढरी फुलं बघितली आणि माझ्या गळ्यातलं भिंग बघितलं. तिनं मला हाताला धरून रोपवाटिकेत नेलं, शाळेत तक्रार करायला नेतात तसं.

रोपवाटिकेतल्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. हातात मातीनं माखलेले हातमोजे आणि तोंडात सदा लवंग. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"काका, वाटाण्याचं फूल उमलायच्या आधीच आतल्या आत सगळं उरकून मोकळं होतं. त्याला मधमाशी लागत नाही, कुंचला लागत नाही, मध्यस्थ लागत नाही. तुम्ही बंद खोलीचं दार उघडून आत डोकावत होतात."

बायको इतकी हसली की तिला खुर्ची द्यावी लागली. मी चिडलो. राग माझ्या नाकावर असतो हे आमच्या सगळ्या इमारतीला ठाऊक आहे. पण ऐकलं. चिमटा कपाटात टाकला, आणि पंधरवड्यात वाटाण्याला अशा शेंगा लागल्या की बायको सोलून सोलून थकली.

मी मात्र मनात धडा पक्का केला: हात लावायचा नाही. बंद राहू द्यायचं. घेवड्याला लाल कळ्या आल्या, फुलं आली, सगळा वेल लालेलाल झाला, तरी मी मच्छरदाणीची नाडी सोडली नाही. उलट दोन गाठी आणखी मारल्या. पाणी घालायचं ते खालून, नळी सरकवून.

ताईचा फोन रोज सकाळी साडेसातला यायचा. नमस्कार नाही, कसा आहेस नाही.

"शेंग धरली का?"

"फुलं आलीत, ताई. भरपूर."

"फुलं बघायला नाही दिल्यात बिया. शेंग धरली का ते सांग."

शेंग धरत नव्हती. रोज सकाळी मच्छरदाणीच्या तळाशी लाल फुलांचा सडा पडलेला असायचा. वर नवी फुलं, खाली मेलेली फुलं, आणि मधे काही नाही. मी पाणी कमी केलं, मग वाढवलं. खत बंद केलं. एक आठवडा गेला, दुसरा गेला. वरच्या टोकाला आता थोडेच तुरे शिल्लक होते आणि माझी झोप उडाली होती. सत्तर वर्षांच्या बहिणीला काय तोंड दाखवणार? आईच्या हातचं शेवटचं काही होतं, ते तिनं माझ्या हाती दिलं, आणि माझ्याच हातून ते जाणार होतं.

एका मंगळवारी फोन आला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "धरली."

"केवढी आहे?"

"मध्यम."

"बरं," ताई म्हणाली. "पुढचा सोडून त्याच्या पुढच्या रविवारी येते बघायला."

फोन ठेवला तेव्हा बायको माझ्यासमोर उभी होती. खोटं बोल पण रेटून बोल म्हणतात. मला तर रेटताही आलं नव्हतं. मी चपला घातल्या आणि तडक रोपवाटिका गाठली. बायको मागून धावत आली, तिला ही गंमत चुकवायची नव्हती.

"कुठला घेवडा?" बाईंनी विचारलं. "बुटका, पांढऱ्या फुलांचा असेल तर त्यालाही कुणी लागत नाही."

"उंच चढणारा. लाल फुलं."

बाईंच्या तोंडातली लवंग थांबली. "काका, त्याला मधमाश्या लागतात. वजनदार मधमाशी फुलावर बसली, खालच्या पाकळ्या दबल्या, की आतला गुंडाळलेला दांडा बाहेर डोकावतो, तिच्या अंगाला घासतो, तेव्हा कुठे शेंग धरते. तुमच्याकडे मधमाश्या येत नाहीत का?"

बायकोनंच सांगितलं, "येतात. पण यांनी मच्छरदाणी लावली आहे."

बाईंनी आधी तोंडावर मोजा धरला. मग मोजा काढून मोकळेपणानं हसल्या. पाणी घालणारा माळी नळी सोडून हसायला आला. मला वाटलं धरणी दुभंगावी, पण ती रोपवाटिकेची जमीन, नुसती ओली झाली. परत येताना बायको रस्त्यात थांबून म्हणाली, "ज्याला एकांत हवा होता त्याचं दार तुम्ही रोज उघडलंत, आणि ज्याला पाहुणे हवे होते त्याच्या दाराला गाठी मारल्यात." मी दहा पावलं दातओठ खात चाललो, आणि अकराव्या पावलाला मलाही हसू फुटलं. खरं तेच होतं, काय करणार.

मच्छरदाणी उतरवताना आम्ही दोघं तिच्यातच अडकलो. सोडवायला टेलरमास्तरांना बोलवावं लागलं, आणि त्यांना सगळी कहाणी सांगावी लागली. म्हणजे ती संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीत पसरली. मास्तर मापाबाहेरचं विचारत नाहीत, पण सांगतात सगळ्यांना.

गाठी सुटल्या, पण मधमाश्यांना कोण सांगणार? इतके दिवस बंद असलेल्या दुकानाकडे गिऱ्हाईक लगेच वळत नाही, हे मी धंद्यात शिकलोय. पहिल्या दिवशी एकही आली नाही. दुसऱ्या सकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या चित्रकलेच्या बाई धापा टाकत वर आल्या, काखेत फुलावर आलेल्या पुदिन्याची कुंडी.

"माझ्या खिडकीत याच्यावर रोज घोंगावतात. इथे ठेवून बघा."

मग मास्तरांनी आपली झेंडूची कुंडी आणली. पहिल्या मजल्यावरच्या नर्सताई रात्रपाळी करून आल्या होत्या, तरी झोपायच्या आधी सूर्यफूल वर ठेवून गेल्या. एरवी पाण्याच्या मोटरीवरून एकमेकांशी न बोलणारी माणसं माझ्या गच्चीत मधमाशीची वाट बघत उभी राहिली. कुणी मोठ्यानं शिंकलं तरी बाकीचे त्याला गप्प करायचे.

आणि मी नुसता वाट बघत बसणारा नव्हे. रोपवाटिकेतल्या बाईंनी सांगितलं होतं तसं एक फूल डाव्या हाताच्या बोटांत धरलं, उजव्या अंगठ्यानं खालची पाकळी किंचित दाबली. आतून एक पांढरा, वळलेला, पराग माखलेला दांडा हळूच बाहेर आला आणि दाब काढताच परत आत गेला. मी जागच्या जागी थक्क झालो. इतकी नाजूक कमान मी चाळीस वर्षांत कुठल्या घड्याळात पाहिली नव्हती, आणि ही चालवायला चावी नको, तेल नको, नुसतं एका माशीचं वजन! सकाळ-संध्याकाळ मी फुलाफुलाशी गेलो, या वेलाचे पराग कुंचल्यावर घेऊन त्या वेलाला दिले. बायको शेजारी उभी राहून कुठली झाली, कुठली राहिली ते सांगायची. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण आम्ही दोघांनी मिळून न भांडता केलेलं हे पहिलंच काम.

चौथ्या दिवशी दुपारी मास्तरांनीच पहिली पाहिली. "आली!" ते ओरडले, आणि मग आपणच आपलं तोंड दाबलं. एक जाडजूड, केसाळ, काळीपिवळी मधमाशी पुदिन्यावरून उठली, सूर्यफुलाकडे बघितल्यासारखं केलं आणि सरळ घेवड्याच्या लाल तुऱ्यावर बसली. फूल तिच्या भारानं वाकलं. ती आत शिरली, बाहेर आली, दुसऱ्यात शिरली. चित्रकलेच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळपर्यंत पाच-सहा झाल्या, आणि मी खुर्ची टाकून त्यांच्याकडे बघत बसलो. चहा तिथेच आला.

ताई यायच्या आदल्या शुक्रवारी बायकोनं मला हाक मारली. एक लाल फूल वाळून गळायला आलं होतं, आणि त्याच्या बुडातून हिरवं, केसाळ, नखाएवढं काहीतरी वाकून बाहेर आलं होतं. आम्ही सगळे वेल शोधले. अशा अकरा शेंगा निघाल्या. जीव भांड्यात पडला म्हणतात तो कसा पडतो ते मला तेव्हा कळलं. बायकोच्या खांद्यावर डोकं ठेवून मी चक्क रडलो.

पण बारा दिवसांपूर्वी "मध्यम" म्हणून सांगितलेली शेंग आता नखाएवढी कशी दाखवणार?

रविवारी ताई आली. तीन मजले ती प्रत्येक वळणावर टेकत चढते. दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसली, पदरानं वारा घेतला, आणि माझ्याच्यानं राहवलं नाही.

"ताई, मी खोटं बोललो होतो. तेव्हा शेंग धरलीच नव्हती. मी मच्छरदाणी लावली होती."

"मच्छरदाणीचं मला माहीत नव्हतं," ताई म्हणाली. "खोटं माहीत होतं. ज्याच्या दारात खरी शेंग धरते, तो 'केवढी' विचारल्यावर बोट मोजून सांगतो. 'मध्यम' म्हणत नाही."

"मग आलीस कशाला? शेंगा नाहीत हे माहीत असताना?"

"शेंगा बघायला कुठे आले?" ताईनं गुडघ्यावर हात ठेवला. "म्हटलं, आईचा घेवडा गेला, आता हा गाढव एकटा बसून रडत असेल. दोघांनी मिळून रडू."

मी तिचा हात धरून वर नेलं, वेलापाशी उभं केलं आणि बोटानं एकेक शेंग दाखवली. दोन दिवसांत त्या बोटाएवढ्या झाल्या होत्या. ताईनं चष्मा पुसला, परत घातला, परत पुसला. मग तिथल्याच खुर्चीवर बसली आणि अशी हसायला लागली की मला आधी कळेचना हसते की रडते. दोन्ही चाललं होतं.

"तुला एक सांगू?" ती म्हणाली. "आई गेली त्याच्या दुसऱ्याच वर्षी मी हा घेवडा घालवला होता."

"काय?"

"सगळ्या बिया पेरल्या, एक मागे ठेवली नाही. आईपेक्षा चांगला आणून दाखवायचा होता ना! खत घालत सुटले. पानं अशी आली की मांडव दिसेना, आणि शेंग एक नाही. अति तिथे माती. तुला सांगायची छाती झाली नाही. मग एक दिवस बाजारातून येताना त्या इस्त्रीवालीच्या कुंपणावर लाल फुलं दिसली. मी तिथेच रस्त्यात उभी राहून रडले. ती म्हणाली, अहो, तुमच्या आईनंच दिला होता की मला! आई ज्याला त्याला मूठ मूठ वाटत फिरायची. इस्त्रीवालीनं मला ओंजळभर दिल्या." ताईनं नाक पुसलं. "आणि मी काय शिकले? रुमालात गाठ मारून ठेवायला शिकले. वीस वर्षं भीतीपोटी कुणाला एक बी दिली नाही. आज ती इस्त्रीवालीही नाही. म्हणून तर शेवटच्या नऊ उरल्या."

आयुष्यभर जी बहीण मला काही हातात देत नव्हती तिच्याही हातून तेच झालं होतं, हे ऐकून मला इतकं हलकं वाटलं की मी तिला मोड उकरलेल्या दोन बियांचंही सांगून टाकलं. तिनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला. बायको म्हणाली, "वन्सं, अजून एक माझ्यातर्फे."

पुढचे दोन महिने ताईनं एकही शेंग तोडू दिली नाही. भाजी करायचा विचारही कुणी बोलून दाखवला नाही. अकराच्या तेवीस झाल्या, मग पिवळ्या पडल्या, मग करकरीत वाळल्या. ज्या दिवशी त्या सोलायच्या होत्या त्या दिवशी ताई सकाळीच आली आणि सगळ्या इमारतीला गच्चीवर बोलावणं धाडलं. परातीत बिया पडत होत्या, जांभळ्या, ठिपक्यांच्या, आईच्या कोनाड्यातल्या डब्यात असायच्या अगदी तशाच, आणि प्रत्येक वेळी ताई नवीनच काही बघितल्यासारखी "अगं बाई!" म्हणत होती.

मग तिनं वाटायला सुरुवात केली. मास्तरांना मूठभर. चित्रकलेच्या बाईंना मूठभर. नर्सताईंना, आणि त्यांच्या हॉस्पिटलच्या अंगणासाठी वेगळी. रोपवाटिकेतल्या बाईंना पुडी बांधून. देताना ती प्रत्येकाला सांगत होती की या बिया तिच्या आईच्या आहेत, आणि यातल्या थोड्या पुढे कुणाला तरी द्यायच्याच. तिचा हात जराही आखडत नव्हता. परात निम्मी रिकामी झाली तेव्हा तिनं मला बोलावलं आणि उरलेल्या बिया दोन्ही हातांनी माझ्या ओंजळीत ओतल्या. सांभाळ म्हणाली नाही, काही बजावलंही नाही.

मी तशीच भरली ओंजळ घेऊन खाली उतरलो. पहिल्या मजल्यावर पोस्टातल्या बाई पत्रं वाटत होत्या. दारावरच्या पाट्या वाचणाऱ्या त्या बाईंशी मी दहा वर्षांत सहीपलीकडे एक अक्षर बोललो नव्हतो.

"अहो, तुमच्या घरी ऊन येतं का?" मी विचारलं.

"भरपूर," त्या म्हणाल्या. "का हो?"

मी त्यांच्या हातावर पाच बिया ठेवल्या, आणि या कुणाच्या ते सांगायला सुरुवात केली.